पहूरच्या तळ्यावरची शिंपल्यांची चोरी

“साहेब, चोर बाहेरचा नाही. आमच्यातलाच आहे. अन् मले नाव पण माहीत आहे,” शोभाताई म्हणाल्या. नाव त्यांनी घेतलं नाही. समोर बसलेल्या मंगलाअक्कांकडे अशी नजर टाकली, की ते घ्यायची गरजच उरली नाही.

अक्कांनी पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “चहा घ्या साहेब. गार होऊ रायला.”

मी चहा घेतला. दुसरं काय करणार? पहूरजवळच्या शेततळ्याच्या बांधावर रिकाम्या खताच्या गोणीवर मी बसलो होतो. होळी नुकतीच झालेली, ऊन तापायला लागलेलं. माझ्या दोन्ही बाजूंना बचत गटाच्या दहा-बारा बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीची नजर दुसरीवर होती. तळ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. मला बोलावलं होतं तळ्यासाठी.

आधी माझी ओळख. मी बैसाणे. धुळ्याला देवपुरात राहतो. एका संस्थेसाठी खान्देशातल्या शेततळेवाल्यांना मत्स्यशेती शिकवतो आणि गेली काही वर्षं मोत्यांची शेतीही. मोत्यांची शेती म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. माझ्या सासरच्यांचेही चमकले होते. माझी दहा वर्षं जुनी मोटरसायकल पाहून ते पुन्हा विझले.

ही शेती अशी असते. नदीतले गोड्या पाण्यातले शिंपले आणायचे. शिंपला हलक्या हाताने जरासा उघडायचा. कवच आणि आतलं मांस यांच्यामध्ये गणपतीचा किंवा कमळाचा एक नखाएवढा साचा सरकवायचा. शिंपल्याला तो टोचतो. शिंपल्याला हात नाहीत, तक्रार करायला ऑफिस नाही. म्हणून तो त्या साच्यावर आपला चकचकीत थर चढवत बसतो. वर्ष-दीड वर्षाने साचा काढायचा. थर जाड असेल तर मोत्याचा गणपती, पातळ असेल तर नुसताच साचा. मधल्या काळात हे शिंपले जाळीच्या पिशव्यांत घालून तळ्यात दोरीला टांगून ठेवतात. एका पिशवीत दोन. जास्त नाही. हे ‘जास्त नाही’ मी ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगतो. लोक तीनदा मान हलवतात.

तळं मंगलाअक्कांचं होतं. त्या गटाच्या अध्यक्ष. पण सामाईक माल म्हणजे कोणाचाच माल नाही, हे ओळखून बायांनी पहिल्याच दिवशी दोऱ्या वाटून घेतल्या होत्या. तळ्यावर आडवे बांबू, बांबूला दोऱ्या, प्रत्येक दोरीला जुन्या साडीची चिंधी. शोभाताईंची लाल, अक्कांची हिरवी. मला ती कल्पना तेव्हा फार आवडली होती. रिपोर्टमध्ये मी तिला ‘उत्कृष्ट स्थानिक व्यवस्थापन’ असं म्हटलं होतं.

दिवाळीनंतर शिंपले पाण्यात गेले. थंडीतच कुणाची तरी पिशवी रिकामी निघाली. मग आणखी एकीची. मग बाया एकमेकींना तळ्यावर पाहायला लागल्या. भल्या सकाळी, दिवेलागणीला, बादली घेऊन. “मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं,” असं मला त्या दिवशी जवळपास प्रत्येकीने बाजूला घेऊन सांगितलं. ज्या बाईविषयी पहिली सांगत होती, तीच पुढच्या खेपेला मला बाजूला घेऊन पहिलीविषयी सांगत होती.

त्यातून मुख्य संशय अक्कांवर जाण्याला कारण होतं. मधल्या दोऱ्यांवरचे शिंपले वाढत नव्हते. अक्कांचे वाढत होते.

“तिचेच काहाले वाढतील?” शोभाताईंनी विचारलं. “आमचे मोठे मोठे निवडून तिने तिच्या पिशवीत घातले. साधी गोष्ट आहे.”

“तळं माझं, जागा माझी. अन् चोर पण मीच?” अक्का इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मलाच शंका आली. निर्दोष माणूस इतका शांत कसा राहील? आमच्या घरी वाटीतला लाडू कमी झाला तरी मी निर्दोष असताना केवढा आरडाओरडा करतो.

ठरलं असं. मी तपासणी करायची. मग सगळ्यांची बैठक, त्यात मी सांगेन ते कारण. चोरी निघाली तर अक्कांनी अध्यक्षपद सोडायचं. अक्कांनी त्यावर स्वतःचं एक कलम जोडलं.

“माझ्यावर चोरी ठरली, तर दुसऱ्या दिवशी मी तळं रिकामं करीन. मले चोर म्हणणाऱ्यांचे शिंपले मी माझ्या पाण्यात ठेवणार नाही.”

म्हणजे माझ्या एका शब्दावर एका बाईची गावातली अब्रू आणि सगळ्या गटाचा माल टांगलेला होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

पहिलं काम पाण्याचं. पाणी तपासायला आमच्याकडे किट असतं, पण सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे आपला हात. तळ्यात हात कोपरापर्यंत बुडवायचा. तळवा दिसेनासा झाला की पाणी बरं समजायचं. म्हणजे पाण्यात हिरवळ आहे, डोळ्यांना सुटं न दिसणारं बारीक शेवाळ. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, गाळतो, त्यातली ही हिरवळ खातो आणि पाणी बाहेर सोडतो. त्याची हीच भाकरी.

मी हात बुडवायला वाकलो. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्यावर बूट टिकत नाही, हे मी लोकांना शिकवतो. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. बायांमध्ये त्या दिवसातलं पहिलं एकमत झालं, ते हसण्यावर.

पण त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. पाण्यात उभा असताना मला माझ्या बुटाच्या नाड्या दिसत होत्या.

“पाणी किती नितळ आहे पाहा,” अक्का अभिमानाने म्हणाल्या. “तळ दिसतो.”

तळ दिसतो हीच तर गडबड होती. भर उन्हाच्या दिवसांत तळं हिरवं व्हायला हवं. नितळ पाणी म्हणजे रिकामं ताट. हिरवळ गेली कुठे? मी एक पिशवी वर घेतली, तीही अक्कांनी दाखवली तीच, त्यांच्याच दोरीची. त्यातल्या शिंपल्यांच्या कडेला फिकट, मऊ, नखासारखी नवी पट्टी होती. शिंपला वाढत असला की ती दिसते. मग हात लांब करून शेजारच्या दोरीच्या वरच्या पिशवीत जाळीतून बोटाला लागला तो एक शिंपला चाचपला. आतल्या शिंपल्याची कड कोरडी भाकरी मोडावी तशी, जाड आणि बोथट. वाढ थांबलेली.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “ए साहेब, ती माझी दोरी आहे! हात काढा!” मी हात काढला. ओल्या पँटमध्ये माणसाचा अधिकार फार चालत नाही.

बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक नाव पक्कं झालं होतं. मोरचूद.

मोरचूद टाकलं की पाण्यातली हिरवळ मरते. शिंपल्यांनाही ते सोसत नाही. आणि बांधाला लागूनच धनराज नानांची मोसंबीची बाग होती. झाडांच्या बुंध्यांना चुना-मोरचुदाची निळसर पेस्ट नुकतीच लावलेली, लांबूनही दिसत होती. नानांचं आणि अक्कांचं बांधावरून जुनं वाकडं, हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. सगळं जुळत होतं. मी स्वतःवर खूश झालो. असं झालं की मी नेहमी चुकतो, पण हे मला त्या त्या वेळी आठवत नाही.

नाना बागेत खाटेवर बसले होते. मी फार हुशारीने, आडून आडून विचारलं.

“नाना, फवारणीनंतर पंप कुठे धुता?”

“तुमी मले सरळ विचारा ना,” नाना म्हणाले. “तळ्यात मोरचूद टाकलं का, असंच ना?”

“तसं नाही...”

“तसंच आहे. त्या तळ्यातून मोटारीने माझ्या हौदात पाणी येतं. अक्काच्या सासऱ्याच्या वेळची बोली आहे ती. माझ्या म्हशी तेच पाणी पितात. मी काय माझ्या म्हशींना मोरचूद पाजीन?”

मी हौदाकडे पाहिलं. दोन म्हशी माझ्याकडे पाहत होत्या. हौदात बेडकांची पिल्लं वळवळत होती. मोरचूद असतं तर पहिली ती गेली असती. तळ्यातही कागदाच्या कडेला ती झुंडीने होती. मी त्यांच्यातच उभा होतो की! पण पँट सांभाळायच्या नादात ती दिसूनही दिसली नव्हती.

“आता माझं ऐका,” नानांनी आवाज खाली आणला. “संशय घ्यायचा तर त्या बायांवर घ्या. रोज कोणीतरी येते. बादली घेऊन. तळ्याकडे जाताना बादली जड. खांदा वाकलेला. परतताना हलवत हलवत जाते. काहीतरी ओततात त्या पाण्यात. अन् उद्या शिंपले मेले की माझं नाव घेणार. मी तर आता रोज इथं बसून पाहतो.”

म्हणजे बायांवर नानांचा पहारा होता, बायांचा एकमेकींवर होता आणि मी सगळ्यांवर. त्या तळ्याइतकी राखण जिल्ह्यात कुठल्या खजिन्याची नसेल.

संध्याकाळी जळगावच्या आमच्या मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे माझ्या वरिष्ठ. माझ्याहून वयाने लहान, पण प्रश्न विचारण्यात माझ्या आईपेक्षा मोठ्या.

“काय झालं? चोरी आहे का?”

“वाटत नाही, मॅडम. पण सगळे म्हणतायत चोरीच.”

“रिपोर्टमध्ये चोरी लिहू नका. चोरी लिहिली की पोलिस, पोलिस आले की गट संपला.”

“मग काय लिहू?”

“कारण लिहा, बैसाणे. तुम्हाला त्याचाच पगार आहे.”

मी घरी आलो. बायको दारातच म्हणाली, “पँटले वास कसाना शे?” शिंपल्याच्या तळ्याचा, असं सांगितलं तरी तिने आणखी एकदा हुंगून खात्री केली. जेवताना मी तिला सगळी हकिगत सांगितली. तिला मोत्यांत रस नव्हता, पण भांडणात होता. ती म्हणाली, “तुम्हीन शिंपलास्ना पोलिस कवय व्हयनात?” म्हणजे, तुम्ही शिंपल्यांचे पोलिस कधी झालात?

लागलं मला ते. पण तिच्याशी बोलतानाच, तिला बादलीचं सांगतानाच, मी घास हातात धरून थांबलो. चोर जाताना रिकाम्या बादलीने जातो आणि येताना भरलेल्या बादलीने येतो. इथे उलटं होतं. नानांनी मला ते स्वच्छ सांगितलं होतं आणि मी बेडकांच्या पिल्लांकडे पाहत बसलो होतो. त्या बाया काही नेत नव्हत्या. काही आणत होत्या. काय आणत होत्या?

शेण? चुना? युरिया? शेतकरी माणूस पीक वाढत नाही म्हटलं की पहिला हात खताच्या गोणीला घालतो. मी खताची शंका मनाशी धरून चार दिवसांनी पुन्हा पहूरला गेलो.

बैठक बांधावरच होती. आधीच सांगून टाकलं, “आज सगळ्या दोऱ्या वर काढायच्या. सगळ्यांसमोर.”

एकदम गलका झाला. चोरी शोधायला ज्यांनी मला बोलावलं होतं, त्यांच्यापैकी एकीलाही झडती नको होती.

“माझी दोरी मी घरच्यांसमोर काढीन.”

“उन्हात वर काढले तर मरतात, तुमीच सांगितलं होतं ना?”

“ज्याने चोरले त्याची काढा. आमची काहाले?” हे अर्थातच शोभाताईंचं.

आता मला प्रत्येकीचाच संशय यायला लागला. इतक्या बाया एकाच वेळी घाबरतात कशाला?

अक्का उठल्या. “माझी पहिले काढा.”

हिरव्या चिंधीची दोरी वर आली. एका पिशवीत दोन शिंपले. पुढच्या पिशवीत दोन. तिसरीत दोन. शेवटपर्यंत बरोबर. कडा फिकट, वाढ चांगली.

“पाहा!” शोभाताई उसळल्या. “हिचे पुरे कसे? आमचेच कमी कसे?”

“तुमची काढू,” मी म्हणालो आणि त्या नको म्हणायच्या आत लाल चिंधीची दोरी ओढली.

ती हललीच नाही.

मी दोन्ही हातांनी ओढली. बांबू कमानीसारखा वाकला. दोघी बाया मदतीला आल्या तेव्हा कुठे पहिली पिशवी पाण्याबाहेर निघाली. ती पिशवी नव्हतीच, गच्च भरलेलं गाठोडं होतं. शिंपल्यांवर शिंपले. पाच, सहा, कुठे त्याहून जास्त, एकमेकांच्या अंगावर चढलेले. मी पुढची ओढली. तशीच. शेजारची दोरी काढली, तिचीही तीच गत. मग मी थांबलोच नाही. पिवळी चिंधी, निळी चिंधी, फुलाफुलांची चिंधी. प्रत्येक दोरी गाभण.

बांधावर एकेक बाई मागे सरकली.

“हे काय आहे?” मी विचारलं.

शोभाताईच म्हणाल्या, जमिनीकडे पाहत, “नांग्या भरल्या.”

हा शब्द कपाशीचा. कपाशी टोबताना एका जागी दोन-दोन बिया टाकतात, एक नाही उगवली तर दुसरी तरी उगवेल म्हणून. तरी जिथे रोप येत नाही तिथे पुन्हा बी टोबतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात. आणि सगळंच उगवलं तर जास्तीचं रोप उपटून टाकतात, ती विरळणी. या बायांचा सगळा जन्म कपाशीत गेलेला. पिशवी रिकामी दिसली की त्यांनी वाघूर नदीच्या डोहातून शिंपले आणून तिथे घातले. चोर एखादा नेईल, एखादा मरेल, म्हणून एका जागी दोन-तीन घातले. दुसरीला कळू नये म्हणून बादलीवर फडकं टाकलं. फक्त विरळणी राहिली. कारण कपाशीचं जास्तीचं रोप फुकट असतं. शिंपला आपल्या मालकीचा.

“पण त्याने बिघडलं काय?” एकीने विचारलं. “जास्त शिंपले तर जास्त मोती.”

मी म्हणालो, “तुमच्याकडे भंडाऱ्याला वरण-बट्टी करता. शंभर माणसांचं वरण आहे आणि पंगतीला पाचशे बसले, तर काय होईल?”

“वरणात पाणी घालू.”

“घालाल. पण वरण वाढतं का? पाणीच वाढतं. तळ्यातली हिरवळ तेवढीच. त्यात या नदीतल्या पाहुण्यांच्या पोटात साचा नाही. ते मोती देणार नाहीत, नुसतं जेवणार. तुमच्या साचावाल्या शिंपल्याला पोटापुरतं मिळेना, तर तो थर कुठून चढवील?”

अक्कांची दोरी का वाढली तेही तिथेच उलगडलं. ती अगदी कडेला होती, विहिरीचा पाइप तळ्यात पडतो तिथे. पाइपाचं पाणी सारखं उडतं म्हणून ती जागा कोणालाच नको होती. कडेच्या शिंपल्यांना ताजं पाणी आधी मिळतं, हवाही मिळते. ते गाळून झाल्यावर जे आत जातं, ते नुसतं उष्टं पाणी. दाटी जेवढी जास्त, तेवढे मधल्यांचे हाल. चोरी न करताही कडेचा श्रीमंत होतो.

मला वाटलं, झालं. पण शोभाताई त्यांची पिशवी उलटीसुलटी करून पाहत होत्या.

“मी एका पिशवीत दोनच जास्तीचे टाकले होते,” त्या म्हणाल्या. “हे बाकीचे कोणी टाकले?”

पुन्हा सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. या वेळी संशय उलटा होता. माझ्या दोरीत कोणी घातलं?

“मी,” अक्का म्हणाल्या.

थंडीत शिंपले मरायला लागले, तेव्हा पहिल्यांदा अक्कांनाच दिसलं, कारण तळं त्यांच्या घराशेजारी. साचा घातल्यावर सुरुवातीला काही शिंपले मरतातच. मेलेला तिथेच राहिला की पाणी नासतं, लगेच काढा, असं मीच सांगितलं होतं. अक्कांनी काढले. सगळ्यांच्या दोऱ्यांतले काढले. आणि चार-आठ दिवसांनी, डोहावर जाणं होईल तसे, त्या जागी नदीतले आणून घातले; तोवर पिशव्या रिकाम्या दिसत.

“मग सांगितलं का नाही?” शोभाताई ओरडल्या.

“काय सांगू? तुझे एवढे मेले, हिचा एक पण नाही मेला, असं सांगू? पहिल्याच महिन्यात अर्ध्या बाया गट सोडून गेल्या असत्या.”

“तू मेलेले नेले अन् जिते टाकले. पण लांबून पाहणाऱ्याले ती चोरीच दिसणार ना!”

“तू जवळून पाहायचं होतं.”

“बरं. मेलेल्यांतले साचे कुठी गेले मग?”

हा प्रश्न नेमका होता. मेलेला शिंपला कोणाच्या कामाचा नाही, पण आतला साचा संस्थेने दिलेला होता, मोजून. आणि जिवंत शिंपला चोरून फोडला तरी हाती येतो तो साचाच.

अक्का घरात गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. तो त्या देव्हाऱ्यात ठेवत होत्या. आत छोटे छोटे गणपती होते. “गणपती आहेत ते. उकिरड्यावर कसे टाकू? अनंत चतुर्दशीला वाघूरमध्ये सोडणार होते.”

डबा पाहून दोघी बायांनी हात जोडले. शोभाताईंनी जोडले नाहीत. “चोरून काढलेले असतील तर?” त्या मला म्हणाल्या. “साहेब, तुमी सांगा. हे मेलेल्यांतले की चोरलेल्यांतले?”

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. अक्काही.

मी चष्मा पुसला. डबा मांडीवर घेतला आणि एकेक गणपती उन्हात धरून पाहिला. हे काम मला येतं. शिंपला जिवंत राहिला तर काही आठवड्यांत साच्यावर साय धरावी तशी झाक येते. बोट फिरवलं की गुळगुळीत लागते, उन्हात कडेला रंग खेळतात. अक्कांच्या डब्यातले गणपती कोरडे होते. सोंड खरबरीत, कान खरबरीत. एकावरही झाक नव्हती. ताडून पाहायला मी लाल दोरीतला एक जुना, साचा घातलेला शिंपला कवचावरच्या खुणेवरून शोधला आणि सगळ्यांच्या देखत फोडला. त्यातल्या गणपतीवर झाक होती. पातळ, पण होती.

“हात फिरवा,” मी दोन्ही गणपती शोभाताईंच्या तळहातावर ठेवले.

त्यांनी अंगठा फिरवला. एकावर, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर.

“डब्यातला कोरा आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तो शिंपला साचा घातल्यावर लगेच मेला. चोरायला कोणी असा शिंपला निवडत नाही. आणि चोरी आता झाली असती, तर गणपतीवर झाक आली असती. डब्यात एकही तसा नाही.”

शोभाताईंनी डबा माझ्याकडून घेतला. सगळे गणपती स्वतः तपासले. शेवटचा झाल्यावर झाकण लावून तो अक्कांच्या हातात दिला. माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाल्या, “देव्हाऱ्यात ठेव. उन्हात नको.” गेले काही आठवडे त्या अक्कांशी बोलत नव्हत्या असं मला नंतर कळलं. तेव्हा त्या वाक्याचं वजन मला समजलं नव्हतं.

विरळणीला मात्र अख्खी दुपार गेली. पाहुणे शिंपले ओळखायचे, बादल्यांत भरायचे, डोहात परत सोडायचे. कोणीच पहिली सुरुवात करेना. आपण काढले आणि दुसरीने नाही काढले तर? शेवटी तोड अशी निघाली, की प्रत्येकीची दोरी शेजारणीने विरळ करायची. मग काय, एकमेकींचे शिंपले काढताना कोणीच हात आखडता घेतला नाही. मी उलट ओरडत होतो, “अहो, साचावाले ठेवा! ते ठेवा!” दोऱ्यांमधलं अंतरही वाढवलं आणि पाइपाच्या कडेची जागा पाळीपाळीने द्यायचं ठरलं. धनराज नाना बांधावर उभे राहून सगळं पाहत होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, “नाना, बादल्या आता परतताना जड आहेत बरं का.”

दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा कोपरापर्यंत हात घातल्यावर तळवा दिसला नाही. अक्का काळजीत होत्या. “पाणी घाण झालं का?” मी सांगितलं, आता बरं झालं.

पुढच्या थंडीत माल निघाला. खोटं सांगत नाही, फार मोठा नव्हता. जे महिने उपाशी गेले ते गेलेच. बऱ्याच गणपतींवर थर इतका पातळ, की आतला साचा दिसत होता. पण विरळणीनंतर जे कडेला राहिले, त्यांच्यावर चांगला थर आला. ते खपले. अक्का अध्यक्ष राहिल्या. पुढच्या खेपेला गटाने शिंपले आधीपेक्षा कमी टाकायचे ठरवले आणि तो ठराव शोभाताईंनी मांडला. त्याला अनुमोदन कोणी द्यायचं यावरून थोडं भांडण झालं, ते मी मोजत नाही.

रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं. ‘तळ्याच्या क्षमतेपेक्षा जास्त साठवणूक.’ मॅडमनी फोन करून विचारलं, “एवढंच?” मी म्हणालो, “एवढंच.” बाकीचं रिपोर्टच्या रकान्यात मावत नव्हतं.

तेव्हापासून ट्रेनिंगमध्ये मी एक नियम वाढवला आहे. पिशवीत दोनच शिंपले, हे सांगतोच. त्यानंतर सांगतो, मेलेला शिंपला एकट्याने काढायचा नाही. सगळ्यांना बोलावून, सगळ्यांसमोर काढायचा.

परवा पारोळ्याकडच्या एका नव्या गटाला हेच सांगत होतो. बाया मान हलवत होत्या. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मात्र मान हलवली नाही. त्या उठून उभ्या राहिल्या, आजूबाजूच्या बायांवरून एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाल्या,

“साहेब, आमना गटमा चोर शे, हाई तुमले कोन्ही सांगं?”